परग्रहावरचा जावई

पर्यटक जाताना खोलीत काय काय विसरून जातात, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. देवबाग-तारकर्लीत न्याहारी निवास चालवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे त्याची सामग्री खोकी भरून पडलेली असते. चार्जर, पोहायचे गॉगल, एकट्या डाव्या पायाची चप्पल, पिळून चपट्या केलेल्या सनस्क्रीनच्या ट्युबा आणि पुस्तकं. चार्जरसाठी पुण्याहून फोन येतो. चपलेसाठीही येतो, वर 'कुरियर कराल ना हो' असं गोड बोलणंही होतं. पुस्तकासाठी मात्र आजवर कुणी फोन केलेला नाही.

पूर्वी ही विसरलेली पुस्तकं सात्त्विक असत. श्रीमंत कसं व्हावं, पहाटे पाचला का उठावं, असा मजकूर. (तो वाचणारे न्याहारीला साडेनऊला उतरत, हा भाग वेगळा.) हल्ली चादरी बदलताना उशीखाली सापडतो तो निळा माणूस. मुखपृष्ठावर तो उघडाबंब उभा असतो, डोक्याला शिंगं, मागे शेपूट, पायाखाली बर्फ, आणि त्याच्या कवेत आपल्याच पृथ्वीवरची एक मुलगी. विज्ञानकथा आणि प्रेमकथा यांचं लग्न लावून इंग्रजीत एक मोठं घराणं उभं राहिलं आहे, आणि त्याची पिल्लावळ दर मे महिन्यात आमच्याकडे उतरते. मी पहिल्याच दिवशी त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी ते आधी उघडलं.

१ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. स्कुबावाले टाक्या आवरतात, पाहुणे नाहीसे होतात, लाईट जाते आणि बराच वेळ येत नाही. अशा वेळी आमच्या पडवीत माणसं जमतात. माझं काम ठरलेलं. दिवसा इंग्रजी पुस्तक वाचायचं आणि संध्याकाळी त्याची गजाल मालवणीत सांगायची. यालाच मी पुस्तकपरीक्षण म्हणतो. शहरात समीक्षा ही लिहायची गोष्ट असते. आमच्याकडे ती मध्येच तोंड घालायची गोष्ट आहे.

पहिला मान रुबी डिक्सन या बाईंच्या 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स'चा. २०१५ मध्ये बाईंनी ती स्वतःच छापली, २०२१ मध्ये टिकटॉकवर तिचा बोभाटा झाला आणि मग मोठे प्रकाशक धावत आले. आपल्याकडे टिकटॉक २०२० मध्येच बंद झालेलं, त्यामुळे निळा माणूस देवबागेत पोचायला जरा उशीर झाला. गोष्ट अशी : अमेरिकेतल्या पोरींना परग्रहावरचे चोर पळवतात आणि यान बिघडल्यावर एका बर्फाळ ग्रहावर टाकून देतात. तिथे निळ्या लोकांची टोळी राहते. टोळीच्या नायकाचं नाव वेक्टल.

"वेताळ?" रापणीच्या मासेमारीत जन्म काढलेले तात्या ताठ बसले. "आरवलेचो?"

"वेताळ नव्हे तात्या, वेक्टल."

"ताच ता. उंच मरे?"

"सात फूट."

"मगे आमच्या वेतोबापेक्षा बारकोच."

इथे संवाद संपला, कारण तात्यांच्या दृष्टीने ओळख पटली होती. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्या जिल्ह्यात देवाच्या चपला झिजतात तिथल्या माणसाला निळ्या कातडीचं काय कौतुक? शिवाय दशावतार आहेच. एक बाकडं, एक पडदा. पात्राने रंगमंचावर एक गिरकी घेतली की कैलासातून पाताळात. नारद वाटेल तेव्हा वाटेल त्या लोकी हजर. लाजून मुरकणाऱ्या नायिकेची दाढी दुपारीच केलेली. हल्ली तर 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग' अशी जाहिरात फलकावर रंगवलेली असते, आणि धुरातून राक्षस निघाला की पहाटे तीन वाजता पोरं टाळ्या पिटतात. अशा प्रेक्षकापुढे अंतराळयान आणलं, तर तो फार तर एवढंच विचारतो की किती वाजता सुटतं.

विज्ञानाचाही आम्हाला धाक नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाने जे ओटे बांधले ते अजून दाखवतात, आणि तिथूनच लॉकियरसाहेबाने हेलियम शोधला असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. लॉकियरसाहेब त्या दिवशी विलायतेतच होता, असं इतिहासकार म्हणतात. पण इतिहासकारांना ओटे दाखवायचे नसतात.

तर यान चाललं, शिंगं चालली, शेपूटही चालली. पडवी अडली ती लग्नावर.

त्या ग्रहाच्या हवेत माणूस फार दिवस जगत नाही. जगायचं तर 'खुई' नावाचा एक जीव छातीत घ्यावा लागतो. आणि हा जीव नुसता जगवत नाही, योग्य जोडीदार समोर आला की छातीत घुमायला लागतो. एकदा तो घुमला की संपलं, तोच नवरा.

"म्हणजे पत्रिका बघणारो किडो," शेजारच्या काकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल नव्हतं, सोय होती. भटजी वाचला.

"पण किड्यान गोत्र बघल्यान काय?" हे आमचे निवृत्त मास्तर.

"आणि चेडवाच्या आवशी-बापाशीक कोणी कळवल्यान?" काकी.

"शिकारीचो वाटो कसो काडतत?" तात्या. रापणीत दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. ज्या कादंबरीत जनावर मारल्यावर वाट्यांची भाषा होत नाही, ती तात्यांच्या मते अर्धवट लिहिलेली.

माझ्याकडे तिन्हींची उत्तरं नव्हती, आणि लेखिकेकडेही असावीत असं वाटलं नाही. तिला दुसऱ्याच कामाची घाई होती. या कादंबऱ्यांत दर दहा-बारा पानांनी असे प्रसंग येतात की ते पडवीत सांगता येत नाहीत. तिथे मी घसा खाकरून 'मग दुसऱ्या दिवशी सकाळी' म्हणतो आणि पुढे जातो. पहिल्या शंभर पानांत इतक्या सकाळी झाल्या की काकींनी शेवटी विचारलं, "त्या ग्रहार रात पडतच नाय काय रे?"

या गोत्रातलं जुनं खोड म्हणजे एडगर राइस बरोजची मंगळावरची राजकन्या. १९१२ मध्ये मासिकातून क्रमशः आलेली ही गोष्ट. जॉन कार्टर नावाचा अमेरिकन कप्तान मंगळावर जातो, तिथल्या तांबूस राजकन्येशी लग्न करतो आणि काही वर्षं सुखाचा संसार करतो. यथावकाश घरात आनंदाची बातमी येते, ती अशी की राजकन्येने अंडं घातलेलं आहे, आणि ते राजवाड्याच्या छपरावर सोन्याच्या पेटीत उबवायला ठेवलं आहे.

पडवीत जरा वेळ पावसाचाच आवाज होता.

"छपरार?" काकी म्हणाल्या.

"होय."

"आणि माकडां?"

ज्याच्या घरावर मंगलोरी कौलं आहेत आणि परसात माड आहेत, त्याला हा प्रश्न हास्यास्पद वाटणार नाही. आमच्याकडे दर पावसाळ्याआधी माकडांनी फोडलेली कौलं बदलावी लागतात. सोन्याची पेटी उन्हात चकाकणार, म्हणजे पहिल्या दिवशीच कुणीतरी शेपटी उचलून बघून जाणार. सूनबाई अंडं घालते, याला कुणाचीच हरकत नव्हती. उलट बाळंतपणाचा खर्च वाचला म्हणून तात्यांनी मंगळाला बरे गुण दिले. हरकत होती ती ठेवण्याच्या जागेला. एवढा मोठा राजवाडा आणि कोठीची एक खोली मोकळी नाही?

आता कुणी म्हणेल, परक्या पोथ्यांचं पारायण कशाला, मराठीत काय कमी आहे? खरं सांगायचं तर या प्रांतात कमीच आहे. मराठीत विज्ञानकथा आहे आणि उत्तम आहे. प्रेमकथा तर आहेच आहे. पण दोघींचं येणं-जाणं नाही. फडक्यांच्या नायकाला सगळं येतं, नायिकेच्या अंबाड्यातल्या फुलाचं नाव येतं, पण त्याच्या मोटारीत काय बिघडलंय ते सांगता येत नाही. उलट आमच्या विज्ञानकथेतला शास्त्रज्ञ विश्वाचा आरंभ आणि अंत सांगतो, आणि त्याची बायको चहा आणून ठेवते. फार झालं तर 'म्हणजे नक्की काय हो?' एवढं विचारते, कारण तिने विचारलं नाही तर पुढची चार पानं समजावून कुणाला सांगायची?

मराठी विज्ञानकथेतला सगळ्यात सुंदर प्रणयप्रसंग माझ्या मते कथेबाहेर घडला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपली आद्याक्षरं उलटी करून नाव बेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली. पहिला नंबर आला. स्वतः गणिती असलेली बायको नवऱ्याचं कृष्णविवर कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवत बसली आहे, यापुढे त्या निळ्या लोकांची छातीतली घुमघुम काहीच नाही.

मास्तरांचं मत वेगळं. ते म्हणतात, मराठीतली पहिल्या दर्जाची वैज्ञानिक प्रेमकथा 'ययाति' आहे, फक्त कुणी तशी वाचली नाही. बापाचं म्हातारपण मुलाच्या अंगात घालायचं आणि मुलाचं तारुण्य बापाच्या, ही शस्त्रक्रिया अजून कुठल्या इस्पितळाला जमलेली नाही. खांडेकर १९२० ते १९३८ आमच्या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, 'ययाति' १९५९ ची, पण मास्तरांच्या हिशेबी शिरोड्याच्या मिठागरावरून फिरल्याशिवाय असली कल्पना सुचणं शक्य नाही. ज्ञानपीठाचं श्रेयही ते थोडंफार मिठागरालाच देतात.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "बापाशीन घेतल्यान, झिलान दिल्यान. सुनेक इचारल्यानी काय?"

मास्तर गप्प. गिरीश कर्नाडांनी याच प्रश्नावर एक अख्खं नाटक उभं केलं, हे मी काकींना सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "इचारूकच होया," एवढंच म्हणाल्या.

इंग्रजी परीक्षणवाले या कादंबऱ्यांची हल्ली साच्यांवरून प्रतवारी लावतात. आधी वैरी, मग प्रेमी. नशिबानेच बांधलेली जोडी. मुक्कामाच्या ठिकाणी खाट एकच. हे साचे वाचून मला लेखकांची दया येते. वैऱ्यांचंच बघा. आमच्याकडे बांधावरून आणि गडग्यावरून तीन-तीन पिढ्यांची वैरं आहेत, सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, आणि तारखेला कुडाळच्या कोर्टात दोन्ही पक्ष एकाच एस.टी.ने जातात. कुणाच्या छातीत काही घुमल्याचं ऐकिवात नाही. आणि एकच खाट? मे महिन्यात अख्ख्या मालवणात एकच खोली शिल्लक असते, आणि तिच्यात शिरलेली जोडपी मी स्वतः बघतो. रात्री अकराला खाली फोन येतो तो एसी चालत नाही म्हणून. साडेअकराला दुसऱ्याचा येतो, तो एसी फार चालतो म्हणून.

परीक्षणाचा जो अस्सल मराठी प्रकार आहे तो छापील पानांवर कधी आलाच नाही. तो वाचनालयाच्या पुस्तकांत शेवटच्या कोऱ्या पानावर असतो. तालुक्याच्या एका वाचनालयातून मी एक भयकथा आणली होती. शेवटी पेन्सिलीने लिहिलेलं : 'वेळ फुकट गेला.' त्याखाली निळ्या शाईत : 'तुमचा गेला असेल.' त्याखाली बायकी, नेटक्या अक्षरात : 'पृष्ठ ८४ पासून बरी आहे.' आणि सगळ्यात खाली, बहुधा ग्रंथपालांचं : 'पुस्तकात लिहू नये.' लेखकाची निंदा, वाचकाची बाजू, मार्गदर्शन आणि शासन, सगळं चार ओळींत. आरवलीच्या जयवंत दळवींनी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन हातोडा घेतला आणि भल्याभल्यांच्या टाळक्यात घातला, तो याच कोऱ्या पानाच्या परंपरेतला असणार, अशी माझी समजूत आहे.

पण काकींना खरंच धरून ठेवलं ते ऑड्री निफेनेगर यांच्या २००३ च्या कादंबरीने. तिच्यातला हेन्री शिकागोच्या ग्रंथालयात नोकरीला असतो आणि त्याच्या रक्तातच काळाचा दोष असतो. बसल्या जागेवरून तो नाहीसा होतो, पुढच्या नाहीतर मागच्या काळात जाऊन पडतो, तोही कपड्यांशिवाय. कपडे मागे जमिनीवर. बायको क्लेअर ते गोळा करते आणि वाट बघत बसते. विदेशी समीक्षकांनी या रूपकावर पुष्कळ लिहिलं. काकींनी रूपक बाजूला ठेवून उलटतपासणी घेतली.

"जाताना तेका सांगूक गावणा नाय?"

"नाय."

"परत कधी येतलो ता?"

"ताय नाय."

"किती वर्सां अशी?"

"सगळो जन्म."

"आणि पैसे? धाडता?"

काकींचे यजमान बोटीवर होते. वर्षात दोन महिने घरी, तेही कुठले दोन ते कंपनी ठरवणार. या किनाऱ्यावर दर दुसऱ्या घरात एक क्लेअर आहे. कुणाचा नवरा बोटीवर, कुणाचा एके काळी गिरणीत, कुणाचा आखातात. चतुर्थीला अचानक दारात उभा राहणार, मुलगा त्याला बघून आईच्या पदराआड जाणार, आणि ओळख होतेय तोवर रजा संपणार. आमच्या काळप्रवाशात आणि हेन्रीत फरक एवढाच की आमचा कपड्यांनिशी येतो, आणि वर धुवायच्या कपड्यांची बॅगही आणतो.

मी सांगितलं की हेन्री भविष्यात जाऊन लॉटरीचा नंबर बघून येतो आणि बायकोसाठी प्रशस्त घर घेतो.

"मगे बरो आसा," काकी म्हणाल्या. "नुसतो येवन-जावन करणारो नाय."

त्या रात्री त्यांनी पुस्तक बघायला मागितलं. इंग्रजी त्यांना येत नाही. मुखपृष्ठावर मळ्यात एकटी छोटी मुलगी उभी आहे आणि शेजारी पुरुषाचे बूट. त्यांनी ते चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे धुवक व्हये होते."

जुलैच्या शेवटी पावसाने जरा उसंत घेतली. जाळी विणून झाली, होड्यांना रंग लागला, पडवीतली गर्दी पांगायची वेळ झाली. तेव्हा तात्यांनी हंगामातल्या वाचनाचं गाऱ्हाणं घातलं. डोळे मिटले, हात जोडले, आवाज देवळातला :

"बा देवा म्हाराजा, ह्या पडवेत बसान जा काय वाचलंव ता गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"जी चेडवा वाट चुकान बर्फाच्या ग्रहार जावन पडली हत, तेंका हुनहुनीत पेज गावांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"किड्यान जुळयलेली लग्ना शेवटाक ने, आणि छपरावरच्या अंड्याची माकडांपासून राखण कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"लिवणारणीन तीच गजाल वीस पुस्तकांत फिरान फिरान सांगल्यान हा. तेचो राग धरू नको. पण फुडल्या टायमाक तिका नवी गजाल सुचांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण पुस्तक हय इसारलो, तेका परत हयच धाड, आणि फुडचो भाग घेवन धाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

कथानक, पात्रं, मांडणीतला दोष, लेखिकेला सूचना आणि पुढच्या भागाची मागणी. एवढं सगळं इतक्या थोडक्यात सांगणारा आणि वर लेखिकेचं भलं चिंतणारा समीक्षक पुण्या-मुंबईत असेल तर त्याने कळवावं. त्याला एक दिवस खोली फुकट. मे महिना सोडून.

एक पुस्तक तरीही उरलं होतं, अमल अल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन या दोघांनी मिळून लिहिलेलं, अंगाने बारीक, २०१९ चं, पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळालेलं. दोन सैन्यांचं काळाच्या पट्ट्यावर युद्ध चाललेलं असतं. दोन्हीकडच्या दोन हेर एकमेकींच्या मागावर असतात आणि वाटेत चिठ्ठ्या ठेवत जातात, कधी झाडाच्या खोडातल्या वलयांत, कधी बियांत. आधी टोमणे, मग चौकशी, मग प्रेम. सांगताना मी जरा अडखळलो. पडवीत अशी गोष्ट कधी सांगितली नव्हती, आणि इथे 'दुसऱ्या दिवशी सकाळी' म्हणायची सोयसुद्धा नव्हती.

"दोगांय बायलमाणसां?" काकींनी विचारलं.

"होय."

तात्यांनी विडी विझवली. मास्तर बाहेरच्या पावसाकडे बघू लागले. काकी मांडीवरचं सूप बाजूला ठेवून विचारात पडल्या. निळा माणूस, अंडं, किडा, कपड्यांविना नवरा, हे सगळं पचवलेल्या बाईला विचारातून बाहेर यायला फार वेळ लागत नाही.

"मगे बरा," त्या म्हणाल्या. "येकामेकीक चाय तरी इचारतली."